मुंबईच्या तिजोरींत आपलाही पैसा

शेतकरी व कारागीर बंधूंनो, मुंबई महानगरपालिकेचा हिशेब मुंबईकरांनीं पाहावा, आपणांस त्याचें काय, असें पुष्कळजण म्हणतात. ही समजूत चुकीची आहे.

1 जुलै 2017 पूर्वीं मुंबईच्या वेशीवर जकातनाके होते. बाहेरचा माल शहरांत शिरतांना तेथें पैसे मोजावे लागत. वस्तु व सेवा कर आला आणि नाके उठले. पण बुडालेल्या जकातीची भरपाई राज्य सरकार पालिकेस देतें. 2016-17 सालचें उत्पन्न धरून दरसाल शेंकडा 8 वाढ, असा कायदाच आहे. 2025-26 सालीं ही रक्कम 14 हजार कोटींहून अधिक धरली होती. राज्याच्या खजिन्यांत हा पैसा येतो कोठून? खेड्यांत साबणाची वडी, पायताण, सिमेंटची गोण घेणाराही तो कर भरतोच. पूर्वीं कर नाक्यावर दिसे, आतां तो किंमतीच्या पोटांत लपला आहे.

आणि खर्च कोण ठरवीत होतें? 2022 च्या मार्चमध्यें सभासदांची मुदत संपली. पुढें 2025 अखेरपर्यंत निवडणूकच झाली नाहीं. त्या काळांत आयुक्त हेच प्रशासक होते. अंदाजपत्रक मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच होते. 2025-26 चे 74,427 कोटी असेच मंजूर झाले.

एके काळीं कुळकर्ण्याचें दप्तर आपणांस वाचतां येत नसे, म्हणून आपण नागवले गेलों. आतां अक्षर येतें. तेव्हां ग्रामपंचायत असो कीं मुंबई, हिशेब मागा. जो कर देतो, त्यास विचारण्याचा हक्क आहे.