आधी टाकी, मग बाटली

पीयूसीची मुदत संपत आली की जुन्या डिझेल गाडीच्या मालकाला आपल्या गाडीचा धूर दिसू लागतो. मागच्या स्कूटरवाल्याने तो वर्षभर खाल्लेला असतो, पण ते असो. मग स्पेअर पार्ट्सच्या दुकानात अडीचशे-तीनशे मिलीलीटरची एक बाटली पुढे सरकवली जाते. “टाकीत ओता साहेब, नोझल साफ होतील, पिकप येईल.” पूर्वी घरोघरी मुलांना ठरावीक दिवशी एरंडेल पाजत, पोट बिघडलेले असो वा नसो. या बाटलीवरचा विश्वास त्याच जातकुळीचा आहे.

‘बाटलीत नुसते रंगीत रॉकेल असते’ असे म्हणणारे फिटर भेटतात. सगळ्याच बाटल्यांबाबत ते खरे नाही. चांगल्या क्लीनरमध्ये डिटर्जंट असते. त्याच्या रेणूचे एक टोक काजळीला धरते, दुसरे डिझेलमध्ये विरघळते, आणि नोझलच्या भोकांवर बसलेला कार्बन हळूहळू सुटतो. महागड्या ‘प्रीमियम’ डिझेलमध्ये तेल कंपन्या अशीच द्रव्ये घालतात. तेव्हा औषध खोटे नाही. ते पोहोचते कोणत्या वाटेने, हे मात्र कोणी पाहत नाही.

वाट अशी: टाकी, पाइप, फिल्टर, पंप आणि सगळ्यात शेवटी नोझल. पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या टाकीच्या तळाशी गंजाची भुकटी आणि गाळ असतो. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की आतल्या दमट हवेचे पाणी होते आणि तळाला बसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, त्यांचा काळा, बुळबुळीत साका तयार होतो. त्याला कोणी डिवचले नाही तर तो वर्षानुवर्षे पडून राहतो. डिटर्जंटला मात्र नोझलवरचा कार्बन आणि टाकीतला साका यांतला फरक कळत नाही. ते वाटेत पहिल्यांदा जे भेटेल ते सोडवते.

हे मी माझ्याच गाडीवर शिकलो. बाटली ओतली, दोन दिवस गाडी खरोखर हलकी वाटली. तिसऱ्या दिवशी साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढताना तिने दम टाकला. फिल्टर उघडला तर आत डांबरासारखा लगदा. नवा फिल्टर घातला, हँडपंप मारून लाइनमधली हवा काढली, गाडी निघाली. आठवड्याभरात तोही भरला. शेवटी टाकी उतरवून धुतली. जे काम आधी करायचे होते ते मी नंतर केले, इतकेच. फिल्टरने माल अडवला हे नशीब.

अडवला नसता तर? डिझेल पंपातला प्लंजर आणि त्याचे बॅरल यांच्यात जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. इंडिका, सुमो किंवा डिझेल अँबॅसेडरसारख्या जुन्या गाड्यांत नोझल सव्वाशे-दीडशे बारला उघडते, ती यंत्रणा थोडा जुलूम सोसते. पण 2007 नंतर आपल्याकडे छोट्या गाड्यांतही रुळलेल्या कॉमन रेल यंत्रणेत दाब दीड हजार बारच्या आसपास जातो. टायरमधली हवा सव्वादोन बार असते, यावरून कल्पना करावी. तिथे गंजाचा एक कण इंजेक्टरच्या गळ्यापर्यंत गेला, तर बिल अनेकदा गाडीच्या बाजारभावाशी स्पर्धा करते.

आणखी एक गोष्ट बाटलीच्या लेबलवर मावत नाही. जुन्या रोटरी पंपाला ऑइल वेगळे मिळत नाही, डिझेलच त्याचे वंगण. 2005 साली देशभरच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत 500 पर्यंत चालत असे, 1 एप्रिल 2020 पासून ते 10 वर आले. हवेसाठी हे फार चांगले झाले. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक ओशटपणाही जातो, म्हणून रिफायनरीला तो वेगळा घालावा लागतो. हा धोका काल्पनिक नाही. स्वीडनमध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा पंप झिजले होते. कॅलिफोर्नियात 1993 मध्ये डिझेलची घडण बदलली तेव्हा जुन्या पंपांचे रबरी सील आकसून गळू लागले होते. अशा तोलून केलेल्या इंधनात बाटलीतले सॉल्व्हंट अंदाजाने ओतणे म्हणजे तो तोल आपल्या हाताने बिघडवणे. अल्कोहोल असलेली बाटली तर आणखी वाईट. तळाशी बसलेले पाणी ती डिझेलमध्ये मिसळते, मग फिल्टरला ते वेगळे काढता येत नाही. आणि पेट्रोलचा क्लीनर ‘सारखाच आहे’ म्हणून डिझेलमध्ये ओतणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

शिवाय धुराचे कारण नोझलच असेल कशावरून? काळा धूर तुंबलेल्या एअर फिल्टरमुळेही येतो, टर्बोचा पाइप फुटल्यानेही येतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. थंड इंजिनाचा पांढरा धूर बऱ्याचदा ग्लो प्लगकडे किंवा गेलेल्या कॉम्प्रेशनकडे बोट दाखवतो. झिजलेले नोझल धुवून नवे होत नाही. पंप-नोझल कॅलिब्रेशनच्या दुकानात नोझल काढून टेस्टरवर लावले की फवारा पडतो की थेंब गळतो, हे डोळ्यांनी दिसते. कॉमन रेलमध्ये इंजेक्टरमधून परत येणारे डिझेल, म्हणजे रिटर्न, मोजतात.

म्हणून जुन्या गाडीत क्लीनर कधीच घालू नये, असे माझे म्हणणे नाही. टाकी स्वच्छ आहे, फिल्टरखालच्या बोल्टातून पाणी काढले आहे, फिल्टर नवा आहे, तपासणीत दोष नोझलवरच्या कार्बनचाच निघाला आहे, तर डिझेलसाठीच बनवलेला क्लीनर टाकी भरून, लेबलवरच्या मापानेच घालावा आणि डिकीत एक जादा फिल्टर ठेवावा. एवढे करायची तयारी नसेल तर ते पैसे फिल्टरला द्यावेत.

पुढच्या वेळी दुकानदार बाटली पुढे सरकवेल तेव्हा घाई करू नका. तुमच्या गाडीची टाकी शेवटची कधी उतरवली होती, तेवढे आधी आठवून पाहा.