वेंधळी हेरीण कोणास हवी?

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें गेल्या महिन्यांत आमच्याकडे एक हस्तलिखित पाठविलें, आणि त्याच्या सोबत एका प्रकाशकाचें पत्रहि पाठविलें. हस्तलिखित म्हणजे एका नियोजित विनोदी रहस्यकथामालेचें पहिलें पुस्तक. नायिका पंचेचाळिशीची, पुण्यांत सदाशिव पेठेंत जिन्याखालच्या एका खोलींत खासगी चौकशीचें कार्यालय थाटून बसलेली. आपल्याकडील असल्या कार्यालयांना खुनाचा छडा लावण्याचा योग क्वचितच येतो. त्यांचें पोट बहुधा लग्नापूर्वीं मुलामुलींच्या घरची माहिती काढण्यावर चालतें. लेखिकेनें हें नीट ध्यानांत घेतलें असल्यामुळें तिच्या कथेचा आरंभ प्रेतानें न होतां एका स्थळानें होतो. प्रकाशकमहाशयांचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. त्यांना पुस्तक आवडलें. मात्र छापण्यापूर्वीं दोन सुधारणा व्हाव्या असें ते म्हणतात. नायिका थोडी वेंधळी करावी, म्हणजे विनोद उठून दिसेल. आणि शेवटचा उलगडा पोलिस इन्स्पेक्टराच्या मुखानें करवावा, म्हणजे कथा विश्वसनीय होईल. बाईंनीं आम्हांस विचारलें आहे कीं, काय करावें?

खासगी प्रश्नास खासगी उत्तर देऊन आम्ही मोकळे झालों असतों. परंतु हा सल्ला त्या एका गृहस्थांचा नव्हे. बाईमाणूस चौकशीला निघालें कीं हंसूं यावयाचेंच, आणि तें तिलाच यावयाचें, ही समजूत फार जुनी आहे व ती चांगल्या शिकल्यासवरलेल्या मंडळींतहि नांदते. तेव्हां तिचा समाचार चारचौघांतच घेतलेला बरा.

विश्वसनीयतेचा मुद्दा आधीं निकालांत काढूं, कारण त्यांत फारसा दम नाहीं. अमेरिकेंत शिकागो येथील पिंकर्टनच्या हेरसंस्थेंत केट वॉर्न ही बाई १८५६ सालीं नोकरीस लागली. १८६१ सालीं लिंकन अध्यक्षपदाची शपथ घेण्यास वॉशिंग्टनला निघाले असतां बाल्टिमोर येथें त्यांचा घात होणार असा संशय आला व त्यांना गुप्तपणें न्यावें लागलें. त्या प्रवासांत आजारी भावाला घेऊन चाललेल्या बहिणीचें सोंग हिनेंच घेतलें होतें. इंग्लंडांत तर १८६४ या एकाच वर्षांत स्त्री-हेराच्या कथांचीं दोन पुस्तकें निघालीं, आणि तींहि लंडनच्या पोलिसखात्यांत एकहि स्त्री-हेर नसतांना! शेरलॉक होम्सचा जन्म १८८७ मधला. म्हणजे बाईनें हेरगिरी करावी ही कल्पना त्या सुप्रसिद्ध महापुरुषाहून तेवीस वर्षांनीं वडील आहे. तिला आज नव्यानें इन्स्पेक्टराचें प्रशस्तिपत्र मागावयाचें म्हणजे आजीबाईंना वयाचा दाखला मागण्यासारखेंच झालें.

खरा वाद वेंधळेपणाचा आहे. येथें हेरकथेच्या धर्मशास्त्राकडे वळणें प्राप्त आहे. रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मोपदेशकानें १९२९ सालीं हेरकथेसाठीं दहा आज्ञा घालून दिल्या. त्यांपैकीं एक अशी कीं, हेराला केवळ योगायोगाचें साहाय्य मिळतां कामा नये, आणि ज्याची उपपत्ति सांगतां येत नाहीं असें अंतःस्फुरणहि त्याला होतां कामा नये. पुढच्याच वर्षीं, १९३० मध्यें, लंडनला डिटेक्शन क्लब स्थापन झाला. त्या मंडळाच्या सभासदाला थट्टेंत एक शपथ घ्यावी लागे. दैवी साक्षात्कार, योगायोग, ईश्वरी कोप इत्यादींचा आश्रय आपले हेर करणार नाहींत, असें तींत वदवून घेत. आणि याच यादींत ‘स्त्रीसुलभ अंतःस्फूर्ति’ हिचाहि नांवानिशीं उल्लेख असे. अ‍ॅगाथा ख्रिस्ती व डोरोथी सेयर्स या दोघी बाया त्या मंडळाच्या मूळच्या सभासद होत्या. त्यांना या कलमाचा राग आला असेल असें कोणी समजूं नये. बाईनें डोकें चालवून एखादी गोष्ट शोधून काढली कीं जग तिला ‘अंतःस्फूर्ति’ म्हणून बाजूला सारतें. अशा वेळीं ती पळवाटच बंद झाली, तर डोक्याचें श्रेय डोक्याला मिळतें.

आतां या नियमापुढें आमच्या प्रकाशकांची वेंधळी नायिका उभी करून पाहा. ती पावत्या हरवते, भलत्याच माणसाचा पाठलाग करते, महत्त्वाचा निरोप विसरते. ठीक. मग अखेरीस गुन्हेगार सांपडतो तो कसा? ती पाय घसरून नेमकी त्याच्याच अंगावर पडते म्हणून, अथवा तिच्या मनानें घेतलें म्हणून, अथवा शेजारीं उभा असलेला कोणी मिशाळ पुरुष सर्व कांहीं आधींच ओळखून होता म्हणून. चौथा मार्ग आम्हांस तरी दिसत नाहीं. पहिले दोन नॉक्सनें बंद केले आहेत. तिसरा घेतला तर कथामाला त्या मिशाळ पुरुषाच्या नांवानें काढावी, बाईंच्या नांवाची पाटी दारावर कशाला? प्रकाशकांच्या दोन सूचना वरवर निराळ्या दिसतात, पण पहिली मान्य करणाऱ्यास दुसरी मान्य केल्यावांचून गत्यंतरच राहत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, व तो आम्हीच घेतों. आपल्या भाषेंतील विनोदाची थोर परंपरा वेंधळ्यांचीच नव्हे काय? श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा व त्याचे मित्र बंडूनाना आणि पांडूतात्या, गडकऱ्यांचा बाळकराम, चिं. वि. जोशांचा चिमणराव, हीं माणसें फजीत होतात म्हणूनच आपण हंसतों. मग तोच न्याय एखाद्या बाईला लागू केला तर बिघडलें कोठें? बिघडलें तें इतकेंच कीं, चिमणराव कोणाची फी घेत नाहीं. तो आपल्या घरीं, आपल्या काऊला आणि आपल्या गुंड्याभाऊला घेऊन फजीत होतो. नुकसान झालें तर त्याचें स्वतःचें होतें. खासगी हेराच्या समोरच्या खुर्चीवर मात्र परकें माणूस बसलेलें असतें. त्याची मुलगी नाहींशी झालेली असते, किंवा त्याचे आयुष्यभराचे पैसे कोणी गिळलेले असतात. त्याच्याकडून आगाऊ रक्कम घेऊन वेंधळेपणा करणारी व्यक्ति विनोदी राहत नाहीं. वैद्यानें चुकीची पुडी दिली कीं आपण हंसत नाहीं, तसेंच हें.

‘परंतु जेनेट इव्हानोविच यांचीं पुस्तकें लाखांनीं खपतात!’ असें आमच्या एका सहकाऱ्यांनीं आम्हांस चहाच्या वेळीं सुनावलें. खपतात खरीं. १९९४ सालचें ‘वन फॉर द मनी’ हें पहिलें पुस्तक आम्हींहि मनापासून हंसत वाचलें. न्यू जर्सी राज्यांतील ट्रेंटन शहराची स्टेफनी प्लम. नोकरी गेलेली, हप्ते थकल्यामुळें मोटार जप्त झालेली. जामिनावर सुटून फरारी झालेल्या लोकांना पकडून आणण्याचें काम ती आपल्या चुलतभावाच्या पेढीवर पत्करते. नीट पाहतां ती खासगी हेर नव्हेच, पण हा भेद तूर्त सोडून देऊं. पहिलाच फरारी एक लाख डॉलरांच्या जामिनाचा. पकडला तर तिला शेंकडा दहाप्रमाणें दहा हजार मिळणार. त्या दहा हजारांची गरज पानापानांतून दिसते, आणि धंदा नवा असल्यामुळें होणाऱ्या चुका पटतात. शिवाय परक्यांच्या अंत्यदर्शनाला करमणूक म्हणून जाणारी तिची आजी आहेच. अशी आजी निर्माण केल्याबद्दल बाईंचे शंभर अपराध माफ करावे. पण पुस्तकांच्या नांवांतील आंकडा वीसच्या पुढें गेला तरी स्टेफनी तितकीच नवशिकी राहिली. पुस्तकामागून पुस्तकांत मोटारी जळतात व दोन धष्टपुष्ट पुरुष वेळेवर धांवून येतात. नवखेपणाचा विनोद एका पुस्तकापुरता असतो. तो मालाभर ताणला म्हणजे वाचकाला नायिकेची दया येऊं लागते, आणि दया आली कीं हंसूं गेलें.

याउलट लिसा लुट्झ यांची स्पेलमन-माला घ्या. २००७ पासून २०१३ पर्यंत सहा पुस्तकें निघालीं व माला थांबली. थांबणें हाहि एक गुण आहे. सॅन फ्रान्सिस्कोंतील स्पेलमन कुटुंबाचा घरचाच खासगी हेरगिरीचा धंदा. आईबाप हेर, काका हेर, आणि निवेदन करणारी थोरली मुलगी इझी हीहि लहानपणापासून त्याच धंद्यांत. आतां ज्या घरांत सर्वांनाच पाळत ठेवण्याची विद्या अवगत, त्या घरांत मुलीनें एखाद्या दंतवैद्याशीं स्नेह जुळविला तर काय होईल? आईबाप त्याची चौकशी करतील, मुलगी आईबापांची चौकशी करील, आणि धाकटी बहीण केवळ हौस म्हणून रस्त्यावरच्या कोणाचाहि पाठलाग करील. येथें हंसूं येतें तें कोणी अडाणी आहे म्हणून येत नाहीं. सर्वच आपल्या कामांत फार हुषार आहेत म्हणून येतें. धंद्याची नीति घरांत आणली कीं घराचें काय होतें, हा त्या विनोदाचा उगम आहे. आणि त्याच पहिल्या पुस्तकांत ती धाकटी बहीण नाहींशी होते, तेव्हां आतांपर्यंत ज्या पाळतीला आपण हंसलों तिचें ओझें एकाएकीं जाणवतें.

अलेक्झांडर मॅक्कॉल स्मिथ यांच्या १९९८ पासूनच्या मालेंत बोत्स्वानाची मा रामोत्स्वे बापानें ठेविलेलीं गुरें विकून गाबोरोन येथें कचेरी उघडते, व तिच्या चिटणीसबाई आपल्याला परीक्षेंत शेंकडा सत्त्याण्णव गुण मिळाल्याचें कोणास विसरूं देत नाहींत. (गुणांचा हा अभिमान आम्हां मास्तरांना चांगलाच परिचयाचा!) ही माला आमच्या मतें थोडी अधिक गोड आहे. पण तिच्याहि पहिल्या पुस्तकांत मंत्रतंत्रासाठीं पळविल्याचा संशय असलेला एक लहान मुलगा आहे, आणि त्याच्या बाबतींत लेखक थट्टा करीत नाहीं.

मिस मार्पलचें उदाहरण सर्वांना ठाऊक असल्यामुळें तें शेवटीं थोडक्यांत सांगतों. १९३० सालच्या पहिल्या कादंबरींत सारें गांव तिला लुडबुडी म्हातारी समजतें, आणि ती मात्र गांवांतल्याच माणसांच्या जुन्या लबाड्या आठवून खुन्यापर्यंत पोहोंचते. हंसूं शेवटीं तिला कमी लेखणाऱ्यांवर उलटतें. तिच्या कामाला मोठा मोबदला मिळाला तो १९७१ च्या कादंबरींत, वीस हजार पौंड. चाळीस वर्षांनीं का होईना, कोणीतरी बिल चुकतें केलें.

आतां आमच्या विद्यार्थिनीच्या हस्तलिखिताकडे येतों. त्यांतील सर्वांत चांगलें प्रकरण प्रकाशकांनीं ‘संथ’ म्हणून गाळावयास सांगितलें आहे. नायिका वरपक्षाच्या वाड्यांत हळदीकुंकवाला जाऊन बसते. तिला तेथें कोणी बोलावलेलें नाहीं, आणि ती कोण हें कोणी विचारीतहि नाहीं, कारण पंचेचाळिशीच्या, साधें लुगडें नेसलेल्या बाईकडे कोण पाहतो? प्रत्येकीला वाटतें ही दुसऱ्या कोणाच्या बरोबरची असेल. अर्ध्या तासांत वाटली डाळ खात खात तिला मुलाच्या पहिल्या, लपविलेल्या लग्नाचा सुगावा लागतो. वाचक हंसतो, आणि तेवढ्यांत त्याच्या ध्यानांत येतें कीं, या बाईचें अदृश्य असणें हेंच तिचें हत्यार आहे व तेंच तिचें दुःखहि. नंतर ती बाहेर येऊन चपला शोधते आणि विचार करते कीं, फी दिली आहे मुलीच्या बापानें. पण ही गोष्ट आधीं सांगावयाची कोणाला, त्याला कीं मुलीला? या जागीं विनोद आपण होऊन थांबतो. असल्या जागीं इन्स्पेक्टर आणून बसविणें म्हणजे देवघरांत टेबल घालणें होय.

दोष नाहींत असें नाहीं. पांचव्या प्रकरणांत नायिका एक जुनी पावती पाहून मनांत कांहीं ठरविते, पण त्या पावतीवर काय लिहिलें होतें हें वाचकाला अकराव्या प्रकरणापर्यंत कळत नाहीं. हा चोरटेपणा आहे; पावती पांचव्यांतच दाखविली पाहिजे. ‘वाचकहो’ हें संबोधन सव्वीस वेळां आलें आहे, तें दोनदां पुरे. आणि शेजारचा शिंपी प्रत्येक प्रकरणांत तोच एक विनोद करतो, त्याला निदान दुसऱ्या पुस्तकापर्यंत रजा द्यावी. या सूचना आम्हीं समासांत लिहून हस्तलिखित परत धाडलें आहे. हळदीकुंकवाच्या प्रकरणावर मात्र एकहि खूण केलेली नाहीं. प्रकाशकांच्या पत्राला उत्तर द्यावयाचें कीं दुसरा प्रकाशक पाहावयाचा, हें तिचें तिनें ठरवावें.