करंट कुठवर आला?

आमच्या बाभुळगावच्या घरी बाबांची एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. कागदावर पद्मिनी, पण गावात सगळे तिला फियाटच म्हणतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली. १९७४ च्या सुमारास या गाडीला 'पद्मिनी' हे नाव मिळालं, २००० च्या आसपास ती बनणंच बंद झालं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही गेली. आमची मात्र अजून अंगणात उभी आहे. तर गोष्ट तिचीच, काही वर्षांपूर्वीची.

ऐन पावसाळ्यात आत्याला धामणगावला रेल्वेवर सोडायचं होतं. किल्ली फिरवली, स्टार्टर व्यवस्थित फिरला, पण इंजिन काही पेट घेईना. पाच मिनिटांनी पेट्रोलचा वास यायला लागला. आत्या शेवटी एसटीने गेली आणि गाडीची गाडी चुकली ती चुकलीच.

मी एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता, म्हणजे पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत नव्हती. इथपर्यंत बरोबर. पुढे मात्र त्याने निदान थांबवलं आणि खरेदी सुरू केली. आधी चार प्लग नवे. मग कॉइल. मग कंडेन्सर. प्रत्येक वेळी तो तितक्याच खात्रीने सांगायचा, "आता होते पाहा." तीन दिवस गेले, पैसे गेले, गाडी जागची हलली नाही. शेवटी तो म्हणाला, "जुनी झाली भाऊ, भंगारात देऊन टाका." बाबा काही बोलले नाहीत. पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत, एवढं माझ्या लक्षात आहे.

चौथ्या दिवशी बाबांनी त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना आणलं. त्यांच्या पिशवीत नवं सामान काहीच नव्हतं. एक होल्डर, त्यात बारा व्होल्टचा छोटा बल्ब, दोन वायरी, एका वायरीला चिमटा. बस्स. मी त्यांना आधी काय काय बदललं त्याची यादी सांगू लागलो तर म्हणाले, "थे राहू द्या. आधी गाडीले इचारू, करंट कुठवर आला."

आणि त्यांनी खरोखरच विचारलं. कॉइलमधून डेल्कोच्या टोपीत जाणारी मधली जाड वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली, मला स्टार्टर मारायला लावला. ठिणगी नाही. म्हणजे टोपी, रोटर, प्लगच्या वायरी यांची चौकशी आता नकोच, दोष त्यांच्या अलीकडे आहे. मग चिमटा बॉडीला लावून बल्बची वायर कॉइलच्या किल्लीकडच्या टोकाला टेकवली. बल्ब लागला. म्हणजे बॅटरी आणि किल्ली निर्दोष. मग कॉइलच्या दुसऱ्या, डेल्कोकडच्या टोकाला. तिथे इंजिन फिरताना बल्ब लुकलुकायला हवा. आतले पॉइंट मिटले की विझेल, उघडले की लागेल. तो मात्र एकसारखा जळत राहिला.

मिस्त्री हसले. "सापडला. रस्ता पुरा नाई होऊन राह्यला."

टोपी उघडली तर पॉइंट डोळ्यांदेखत मिटत होते, साफही होते. मग राहिली ती बाहेरच्या टोकापासून पॉइंटपर्यंत जाणारी बोटभर लांबीची वायर. पॉइंटची पाटी मागेपुढे सरकते, तिच्याबरोबर ही वायरही वर्षानुवर्षं वाकते. वरचं आवरण शाबूत, आतली तार तुटलेली. त्यांनी बोटाने दाबली, बल्ब विझला. सोडली, लागला. जुन्या वायरीचा एक तुकडा जोडला आणि गाडी पहिल्या किल्लीत सुरू झाली.

(जाता जाता: आपले मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतात ते अमेरिकेतल्या एका कंपनीच्या नावावरून. चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ मध्ये एका भागीदारासोबत ती काढली, आणि बॅटरीवर चालणारी ही पद्धत रुजली ती त्यांच्यामुळे.)

मला त्या दिवसापासून वाटत आलंय की सामान बदलणं आणि दोष शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण पहिल्यालाच दुसरं समजतो. सामान बदलून गाडी सुरू झाली तरी काय झालं होतं ते कळत नाही. नाही झाली तर आणखी सामान. कोणी म्हणेल, आता नव्या गाड्यांना यंत्र लावलं की दोष पडद्यावर दिसतो. पण यंत्र बहुतेक वेळा कुठे बिघडलंय ते सांगतं, का ते नाही. तेवढ्यावर पार्ट बदलणारा माणूस आमच्या त्या पहिल्या मेकॅनिकचाच भाऊ.

गाडीत या सवयीची किंमत पैशात होते. शेतात ती कशात होते हे आमच्या जिल्ह्याने पाहिलंय. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कारणं अनेक होती. अंगावर संरक्षणाची साधनं नव्हती, पीक डोक्याच्या वर गेलेलं, औषधं जहाल. पण त्यात एक कारण हेही होतं की दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. एकाने नाही तर दुसऱ्याने होईल, या आशेवर. ही आशा माझ्या ओळखीची आहे. प्लग, मग कॉइल, मग कंडेन्सर.

दोष फवारणाऱ्याचा नाही. त्याला औषध देणारे पुष्कळ होते, शेतात येऊन बल्ब लावून पाहणारं कोणी नव्हतं. आणि शेतातही तसा बल्ब आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले, किंवा वीस हिरवी बोंडं फोडली आणि दोन किडकी निघाली, तरच गुलाबी बोंडअळीवर फवारायचं, असं तज्ज्ञ सांगतात. डोमकळ्या मोजायच्या, त्या वेचून नष्ट करायच्या. याला लागतो तो वेळ, आणि शेजारी उभं राहून शिकवणारा माणूस. औषधाची बाटली दुकानात मिळते. हा माणूस कुठे मिळतो?

मिस्त्रींनी त्या दिवशी किती घेतले ते सांगायला लाज वाटते, इतके कमी. मी जास्त देऊ लागलो तर म्हणाले, "वायर तं तुमचीच होती."

तो बल्ब मी नंतर स्वतः बनवून घेतलाय. गाडीत असतो.