सक्तीचा विमा: गोळ्यांचे काय?

गाडीचा विमा काढल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही, मग माणसाच्या आरोग्याचा विमा सक्तीचा का नसावा, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. तुलना थोडी फसवी आहे. वाहनाच्या बाबतीत कायद्याने सक्ती आहे ती फक्त त्रयस्थ पक्षाच्या विम्याची, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याला भरपाई मिळावी यासाठी. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा विमा आजही ऐच्छिकच आहे.

तरीही सक्तीमागचा विचार चुकीचा नाही. विमा चालतो तो निरोगी माणसांच्या हप्त्यांवर. मधुमेह किंवा हृदयविकार जडलेलेच विमा घेऊ लागले आणि धडधाकट तरुण बाहेर राहिले, तर दावे वाढतात, हप्ता वाढतो आणि मग उरलेसुरले निरोगीही बाहेर पडतात. अमेरिकेत २०१०च्या कायद्याने यावर तोड काढली. जुना आजार आहे म्हणून कंपनीने कोणाला नाकारायचे नाही. त्या बदल्यात प्रत्येकाने विमा घ्यायचा, नाहीतर दंड. २०१२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा दंड कर म्हणून वैध ठरवला. पुढे २०१९पासून दंडाची रक्कम शून्यावर आली. विमाबाजार कोसळेल ही भीती मात्र खरी ठरली नाही, कारण हप्त्यासाठीचे सरकारी अनुदान चालू राहिले. दंडापेक्षा अनुदानानेच माणसे विम्यात टिकली, असे म्हणायला जागा आहे.

भारतात सक्ती नवी नाही. १९४८च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. वर्गणी पगारावर ठरते, वयावर किंवा आजारावर नाही. जर्मनीने १८८३मध्ये रुजवलेले तत्त्व हेच. खासगी विम्याचे गणित याच्या उलट आहे. वय वाढले की हप्ता वाढतो, म्हणजे कमाई थांबते त्याच वयात बोजा सर्वांत मोठा. सप्टेंबर २०२५मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला हे बरे झाले, पण साठीच्या माणसाचा मूळ हप्ता त्यामुळे तरुणाइतका होत नाही. असा विमा घ्याच, असे भाजीवालीला किंवा ऊसतोड कामगाराला सांगण्यात काय अर्थ? ज्यांच्याकडे पगाराची पावतीच नाही अशांची संख्या देशात जास्त आहे. त्यांच्याकडून हप्ता वसूल कोण आणि कसा करणार?

हप्ता सरकारने भरावा, हे त्यावरचे उत्तर. २०१८पासून आयुष्मान भारत योजनेत गरीब कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेचीही व्याप्ती वाढली आहे. पण हे संरक्षण मुख्यतः रुग्ण दाखल झाल्यावरचे. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसणारा रुग्ण वेगळा असतो. त्याला रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला लागतात. खिडकीवर साठा संपलेला असला की बाहेरून घ्या म्हणून चिठ्ठी मिळते, आणि त्या दिवसाची मजुरी तर गेलेलीच असते. दोन-तीनदा असे झाले की तो गोळ्या सोडतो. काही वर्षांनी पक्षाघात किंवा मूत्रपिंड निकामी होऊन स्ट्रेचरवरून येतो, तेव्हा कार्ड चालते. डायलिसिसला पैसे आहेत, ते लांबवू शकणाऱ्या गोळ्यांना नाहीत. शिवाय तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञच नसेल तर कार्डावरची शस्त्रक्रिया करणार कोण? आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, असे २०१७च्या आरोग्य धोरणात लिहिले होते. तो टप्पा गाठला गेला नाही.

सक्ती करायचीच, तर ती बाजारातली पॉलिसी विकत घेण्याची नको. उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी देण्याची हवी, आणि ज्यांना ती झेपत नाही त्यांची वर्गणी करातून भरली जावी. कामगार विम्याच्या त्या पाऊण टक्क्यात दवाखान्यातली तपासणी आणि औषधेही येतात, हे सहसा सांगितले जात नाही. मात्र त्यासाठीची पगारमर्यादा जानेवारी २०१७मध्ये महिना २१ हजार रुपये ठरली. नव्याने नोकरीला लागलेल्या एखाद्याचा पगार २२ हजार असेल, तर त्याला ही सोय मिळत नाही आणि खासगी विम्याचा हप्ताही जड जातो. सक्तीची चर्चा या माणसापासून सुरू करता येईल.