एका मनाच्या दोन व्याधी

दहा असामींकडे शंभर शंभर रुपये येणे असणे निराळे, आणि एकाच असामीकडे हजार रुपये अडकणे निराळे. बेरीज तीच, परंतु जोखीम निराळी. व्यापारी माणसास हे सांगावे लागत नाही. मनोविकारांची गणना करणाऱ्यांस मात्र ह्या भेदाचे महत्त्व बरेच उशिरा उमगले.

अमेरिकेत १९९० ते १९९२ ह्या काळात रोनाल्ड केसलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. हे रुग्णालयातील रोगी नव्हेत, १५ ते ५४ वयाचे सर्वसामान्य नागरिक होत. आयुष्यात केव्हा ना केव्हा मनोविकार झालेले लोक जवळजवळ निम्मे निघाले. परंतु १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांतील खरी गोष्ट पुढेच आहे. एकूण विकारांपैकी निम्म्याहून अधिक विकार केवळ शेकडा १४ लोकांच्या वाट्यास आले होते, आणि त्यांतील प्रत्येकास तीन वा अधिक विकार जडलेले होते.

विकार असे सोबतीने का येतात? काहींची मुळे सामाईक असतात. अनुवंश, बालपणीचे आघात. कित्येकदा एक दुसऱ्यास बोलावून आणतो. चिंतेचा विकार बहुधा कोवळ्या वयात सुरू होतो, विषण्णता मागाहून येते. चिंता विसरण्यासाठी घेतलेला पेला घटकाभर झोप देतो आणि उतरताच ती चिंता व्याजासह परत करतो.

आपल्या देशात बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत पाहणी केली. त्यांत मध्य प्रदेश व गुजरात होते, महाराष्ट्र व कर्नाटक नव्हते. त्या वेळी शेकडा १०.६ प्रौढ मनोविकारग्रस्त आढळले. उपचारांविना राहिलेल्यांचे प्रमाण विकारागणिक शेकडा ७० ते ९२ होते.

आपल्या घरांत मद्य निषिद्ध. म्हणून ते चोरून घेतले जाते, आणि उघडकीस आले की त्याकडे केवळ आचरणाचा दोष म्हणून पाहिले जाते. वडीलधारी मंडळी शपथ घ्यावयास लावतात. हा मुलगा दोन वर्षे रात्र रात्र जागा का असतो, हे कोणी विचारीत नाही. सून छातीत धडधडते म्हणते, तर हृदयाच्या तपासण्या होतात. त्या निर्दोष निघाल्या की प्रकरण मिटले! विवाह जमवावयाचे असतात, हे मी जाणतो. तथापि ह्या लपवालपवीत एक व्याधी दिसते तेवढीच धरली जाते, आणि दुसरी तिला पुन्हा उभी करते.

गोव्यात डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत विषण्णता व मद्यासक्ती ह्यांवर उपयुक्त काम केले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. उपक्रम स्तुत्यच, पण तेथेही विषण्णतेचा प्रयोग निराळा, मद्याचा निराळा. रोगी असा विभागून येत नाही.

त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांस मनोविकार शारीरिक विकारांप्रमाणेच धरावयास सांगितले आहे. ज्या व्यापारी मंडळांकडे वैद्यकीय साहाय्याचा निधी आहे, त्यांनी आपल्या नियमांत हा शब्द स्पष्ट घालावा. मालकांसाठी तसाच गुमास्त्यांसाठीही. आणि घरातील माणसास व्यसनमुक्तीसाठी नेताना डॉक्टरांस झोप, भीती व उदासीनता ह्यांविषयीही त्याच भेटीत विचारावे. शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर मिळते. तेथे नाव सांगावयाची सक्ती नाही.