उशिराची उडी, पण भान राखून

चाळिशी ओलांडलेला माणूस जलतरण तलावावर दिसला, की लोक कारण गृहीत धरतात: डॉक्टरांनी सांगितले असेल, गुडघे दुखत असतील, नाहीतर वजन उतरवायचे असेल. याच माणसाने स्पर्धेचा अर्ज भरला, की घरापासून कार्यालयापर्यंत सगळे हसतात. 'या वयात कसली स्पर्धा?' हा प्रश्न चुकीचा आहे. विचारायला हवा तो दुसराच प्रश्न: तयारी कसली केली?

पोहण्याच्या स्पर्धा फक्त शाळकरी मुलांसाठी नसतात. जागतिक जलक्रीडा संघटनेच्या नियमांत 'मास्टर्स' हा स्वतंत्र विभाग आहे. तो वयाच्या २५ व्या वर्षी सुरू होतो आणि पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात. त्यामुळे ५२ वर्षांच्या स्पर्धकाला विशीतल्या पोरांशी झुंजावे लागत नाही. सूर मारायची भीती वाटत असेल, तर पाण्यात उभे राहून, भिंत धरून सुरुवात करण्याची मुभाही या विभागात आहे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेतही लहान मुलांबरोबर पिकल्या केसांचे स्पर्धक उतरतात.

स्पर्धेचा खरा लाभ पदकात नाही. तारीख ठरली, की सरावाला शिस्त येते. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटासाठी धावणाऱ्यांना तेवढा वेळ काढणे अवघड जाते. अर्ज भरलेला माणूस मात्र पहाटे उठतो. शिवाय पाणी शरीराचा भार उचलते, त्यामुळे गुडघे आणि घोटे यांना धावण्यातले दणके बसत नाहीत.

मात्र पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असते. तिथे नुसता जोर कामाला येत नाही. पाय खाली लोंबले, मान वर ताठ राहिली, की निम्मी ताकद पाणी ढकलण्यातच जाते. नवख्याला धाप लागते ती बहुधा दम कमी म्हणून नव्हे, तर तो पाण्याखाली श्वास सोडतच नाही म्हणून. आतला कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि जीव घाबरा होतो. तोंड पाण्यात असतानाच नाकातोंडाने बुडबुडे सोडत राहणे, हा पहिला धडा. तो पक्का होण्याआधी अंतर वाढवू नये. खांदेदुखीचे मूळही अनेकदा घाईने वाढवलेल्या अंतरातच असते.

जिथे गाफील राहून चालत नाही, ती गोष्ट हृदयाची. अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांचा १९८५ ते २०१६ या काळाचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या १३५ घटनांची नोंद झाली. त्यातल्या ९० घटना पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या, धावताना किंवा सायकल चालवताना नव्हे. लाखो सहभागींच्या मानाने हा धोका लहान आहे, पण वयाबरोबर तो वाढतो आणि पुरुषांत अधिक दिसतो. यामागे एक कारण असे सांगितले जाते: चेहरा पाण्यात गेला, की शरीर हृदयाची गती मंदावू पाहते, त्याच क्षणी गर्दी, भीती आणि जोर यांमुळे ती वाढूही लागते. या ओढाताणीत आधीच आजारी असलेले हृदय ताल चुकू शकते. पाणी थंड असेल तर हा ताण आणखी वाढतो.

म्हणून अर्जाआधी रक्तदाब आणि साखर तपासावी. छातीत दडपण, चक्कर किंवा धडधड जाणवत असेल, अथवा घरात कोणाचा अकाली हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला घेतल्याशिवाय उतरू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर घसरणार नाही याची व्यवस्था करावी. स्पर्धेपूर्वी संथ पोहून अंग तापवावे, पहिले अंतर मुद्दाम हळू कापावे आणि समुद्रात गर्दीच्या कडेला राहावे. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावे म्हणून आधी भराभर दीर्घ श्वास घेणे तर पूर्ण टाळावे. त्याने इशारा न देता शुद्ध हरपते. श्वास अडला तर पाठीवर तरंगून हात वर करावा. मदत मागणे ही हार नव्हे.

आयोजकांची जबाबदारीही तेवढीच आहे. जीवरक्षक, रुग्णवाहिका आणि हृदय पुन्हा सुरू करणारे विद्युत यंत्र यांविना प्रौढांची स्पर्धा भरवू नये. तलाव चालवणाऱ्या पालिकांनीही नोकरदारांना आणि गृहिणींना जमतील अशा वेळी शिकवण्याचे वर्ग ठेवायला हवेत. लहानपणी नदी-विहिरीवर जाण्याची परवानगी न मिळालेल्या कितीतरी स्त्रिया आज प्रथमच पाण्यात उतरत आहेत. त्यांच्यासाठी ५० मीटर पार करून भिंतीला हात टेकवणे, हीच जिंकण्याची रेषा असते. तिथवर त्या सुखरूप पोहोचतील एवढी तजवीज करणे, हे बाकीच्यांचे काम.