टांकसाळीचे दार

जकातीचा निसाब साडेबावन्न तोळे चांदी, हे आपल्या घराघरांत पाठ असते. तरी दर रमजानात सराफाला भाव विचारावाच लागतो. एके काळी तो विचारावा लागत नसे. रुपया वजनाने एक तोळ्याचा, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. साधारण 57 रुपये गाठीला जमले की निसाब पुरा!

त्या काळी कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जावे, थोडी घडणावळ द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. गावची बाई आपले गोठ-वाळे घेऊन मुंबईला थोडीच जाणार? पण टांकसाळ उघडी आहे हे गावच्या सराफालाही ठाऊक असे, म्हणून भाव पाडायला त्याला मर्यादा होती.

26 जून 1893 रोजी इंग्रज सरकारने कायदा करून हे दार लोकांसाठी बंद केले. जर्मनीपाठोपाठ एकेक देश सोन्याच्या चलनाकडे वळला होता आणि चांदी घसरत होती. दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया सव्वा शिलिंगावर आला होता. कर्जाचे व्याज आणि साहेबांच्या पेन्शनी मात्र लंडनला पौंडातच पोचवायच्या होत्या. रुपये कमी पाडले की रुपया महाग होणार, असा हिशेब होता, आणि तो 16 पेन्सांवर नेण्यात आलाही.

वाद मोठा झाला. दादाभाई नौरोजींनी विरोध केला, कारण सारा रुपयांत भरणाऱ्या रयतेवरच हा बोजा पडणार होता. मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनला जाई, आणि चीन चांदीवरच राहिला होता. त्यामुळे गिरणीवालेही अडचणीत आले. गोऱ्या अधिकाऱ्यांना मात्र हुंडणावळीच्या नुकसानीचा भत्ता मिळाला. (भत्ते कुणाला आधी मिळतात, हे त्या काळापासून फारसे बदललेले नाही.)

पुढे 1923 साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या ग्रंथात वेगळी बाजू मांडली. टांकसाळ लोकांना बंद केली याला त्यांची हरकत नव्हती. सरकारला हवे तितके रुपये पाडायची मोकळीक राहिली, याला होती. ती त्यांना रयतेसाठी धोक्याची वाटे, कारण भाव चढले की गरीब आधी भरडला जातो. आम्हाला हा मुद्दा पटतो. तरीही 1896 च्या दुष्काळात दागिने मोडायला निघालेली बाई आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिने संकटासाठी जपलेली चांदी तेवढीच होती, पण तिचे रुपये कमी येत होते. तिला कुणी विचारले नव्हते, आणि भरपाईचा भत्ताही नव्हता.

1940 साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली, 1947 साली रुपया निकेलचा झाला. सोन्या-चांदीचा पैसा परत आणा, असे आज म्हणणाऱ्यांनी टांकसाळीची किल्ली कुणाकडे राहील, तेही सांगावे. आपल्या घरात हा वाद निसाबापाशी येतो. साडेसात तोळे सोने आणि साडेबावन्न तोळे चांदी यांच्या किमतींत आज फार मोठे अंतर आहे. नोटांचा हिशेब चांदीवर धरावा, म्हणजे गरिबांपर्यंत जास्त पोचेल, असे अनेक उलेमा सांगतात. काहीजण सोन्यावर धरतात. थोडीशी शिल्लक ठेवणारी विधवा शिवणकाम करून जगत असेल, तर ती जकात देणारी की घेणारी, हे त्या एका निवडीवर ठरते.